पाळण्याशेजारची लेखणी

'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. कापूस, सरकी आणि धान्य यांची मोठी पेठ म्हणून जालना गाजत होते, त्या काळातली ही म्हण. पुढे बियाण्यांचा उद्योग आला, पोलादाचे कारखाने आले, १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा जिल्हा झाला, तरी म्हण टिकून राहिली. तिच्यातला पाळणा व्यापाराचा आहे. बाहेरून येऊन जो येथे वाढला, त्याला या गावाने जोजवले, असा तिचा आशय. पण पाळणा म्हटला की त्याची दोरी ओढणारा हात आला, आणि त्या हाताविषयी म्हण काही सांगत नाही.

त्या हाताने लेखणी धरली तर काय होते, हा या लेखाचा विषय आहे. घरी राहून मूल वाढवणारी स्त्री स्वतःच्या अनुभवाबद्दल इतर आयांसाठी नियमितपणे लिहू लागते. हे काम मराठीत कसे सुरू झाले, ते चालवायला काय लागते आणि कशामुळे टिकते किंवा बंद पडते, याची मांडणी येथे करायची आहे. 'बालसंगोपन' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे लगेच उपदेश सुरू होतो. या विषयावरच्या मराठी लेखनाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा प्रवास पाहता मात्र एक गोष्ट ठळकपणे दिसते. आईच्या लेखनातला उपदेश लवकर शिळा होतो, आणि जे टिकते ते तिने काय पाहिले याची नोंद. आणि या नोंदीचे ज्ञानात रूपांतर होते ते दुसऱ्या आईचे उत्तर येते तेव्हा.

सहाण आणि जाते

लेखणी येण्यापूर्वीही नोंद होती. बाळगुटीचेच पाहा. हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग यांतले काय, सहाणेवर किती वळसे उगाळायचे, कोणत्या महिन्यात कशाचा एक वळसा वाढवायचा आणि बाळाची शी पातळ झाली तर काय वगळायचे, याचा हिशेब घरातल्या वडीलधाऱ्या बाईला पाठ असे. वळसा हे तिचे माप होते. शेजारणीचे बाळ रडू लागले की ती आपला हिशेब सांगे, आणि शेजारीण तो आपल्या बाळावर पडताळून पाही. चुकले तर चार दिवसांत कळे आणि दोघींमध्ये बोलणे होई.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्याआधी साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये आणि सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून हे धन सांभाळले. या ओव्यांमध्ये तान्हे मूल, त्याची दृष्ट, त्याचे दुखणे, लेकीचे सासरी जाणे हे विषय पुन्हा पुन्हा येतात. ओवी क्वचितच एकटीची असते. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसलेल्या असतात. एकीने म्हटले की दुसरी तिला जोड देते.

या जुन्या ज्ञानाला सरसकट डोक्यावर घेण्याचे कारण नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे आहे. त्या हिशेबात गुटी बसत नाही. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या व्यवस्थेतला एक गुण महत्त्वाचा आहे. सांगणारी आणि ऐकणारी समोरासमोर होत्या, आणि ऐकणारीला 'आमच्याकडे असे नाही होत' म्हणण्याची सोय होती. छापील पुस्तक आले तेव्हा ही सोय गेली.

एका तरुण आईचे पुस्तक

जून १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीती' प्रसिद्ध झाले. स्त्रियांनी कसे शिकावे, कसे वागावे, संसार कसा करावा याबरोबर अपत्यांच्या लालनपालनाचाही विचार त्यात आहे. पुस्तक लिहिणारी स्त्री चोवीस वर्षांची होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचा नवरा वारला होता आणि मांडीवर जेमतेम वर्षाची मनोरमा होती. या पुस्तकाच्या विक्रीतून आलेले पैसे रमाबाईंच्या १८८३ मधील इंग्लंडच्या प्रवासाला उपयोगी पडले.

ही शेवटची गोष्ट सहसा एका ओळीत उरकली जाते, पण आपल्या विषयाला ती फार जवळची आहे. मूल सांभाळणाऱ्या एका स्त्रीने घरसंसार आणि संगोपन यांवर लिहिले, ते विकले आणि त्या पैशावर आपल्या आयुष्याचा पुढचा रस्ता आखला. आज घरी बसून लिहू पाहणाऱ्या बाईला 'यातून काय मिळणार?' असा प्रश्न घरातच विचारला जातो. त्याचे एक उत्तर १८८२ मध्ये मिळालेले आहे.

मात्र या पुस्तकाचा सूर उपदेशाचा आणि भाषा संस्कृतप्रचुर आहे. रमाबाईंच्या स्वतःच्या मुलीने रात्री किती जागवले, प्रवासात तिचे काय झाले, हे त्यात शोधू नये. तो काळ तसा होता. बाईने जाहीरपणे बोलायचे तर शास्त्राच्या भाषेत बोलायचे, तरच ते ऐकले जाई. घरातला अनुभव हा पुरावा मानला जात नव्हता.

वडिलांची वही

पण तोच अनुभव पुरुषाने टिपला तर तो पुरावा ठरत होता. रमाबाईंच्या पुस्तकाच्या पाचच वर्षे आधी, १८७७ साली, चार्ल्स डार्विनने 'माइंड' या नियतकालिकात एका तान्ह्या मुलाच्या वाढीविषयी निबंध प्रसिद्ध केला. १८३९ च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या बारीकसारीक हालचाली त्याने वहीत टिपून ठेवल्या होत्या. राग कधी दिसला, भीती कधी वाटली, आरशातले रूप कधी ओळखले, अशा त्या नोंदी. विसाव्या शतकात झाँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांचे निरीक्षण करून बालबुद्धीच्या विकासाचा सिद्धान्त मांडला. त्या निरीक्षणांत त्यांच्या पत्नी व्हॅलेंटिन यांचाही वाटा होता. पुस्तकांवर नाव मात्र पियाजे यांचे.

आपल्याकडेही आईच्या संगोपनाचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक मुलाने लिहिलेले आहे. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. जालन्याहून जवळच असलेले सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांनी शिवरायांना कसे वाढवले हे आपल्याला बखरकारांनी, शाहिरांनी आणि इतिहासकारांनी सांगितले. या साऱ्यांचे मोल कमी होत नाही. पण वाढलेले मूल मागे वळून आईकडे पाहते, तेव्हा त्याला तिचे फळ दिसते. रोजची अनिश्चितता दिसत नाही. ताप उतरेल की नाही, मारले ते बरोबर की चूक, दुसरे मूल झाल्यावर पहिले का रुसले, हे प्रश्न ज्या क्षणी पडतात त्या क्षणी लिहिण्याची जागा फक्त आईची असते.

मासिक हे तिचे घर

ही जागा पुस्तकापेक्षा मासिकाने अधिक दिली. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' सुरू केले. घराबाहेर न पडणाऱ्या असंख्य स्त्रियांना त्यामुळे दर महिन्याला घरात येणारा एक वाचनीय सोबती मिळाला. पुस्तक एकदाच येते. मासिक पुन्हा येते, आणि पुन्हा येणार असल्यामुळे त्याला पत्र लिहिता येते. 'एक भगिनी', 'एक माता' अशा सह्यांनी येणारी पत्रे जुन्या स्त्रीविषयक मासिकांत ठायीठायी भेटतात. नाव लपवूनच तिला खरे बोलता येत होते, हेही त्या सह्या सांगतात.

नोंदीची शिस्त मात्र मराठीत आणली ती बालशिक्षणाच्या चळवळीने. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) पतीपासून वेगळ्या झाल्या तेव्हा त्यांची मुलगी लहान होती. राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. त्याचे 'शिक्षणपत्रिका' हे मासिक गुजरातीत निघे. पुढे ताराबाईंनी मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली. माँटेसोरी पद्धतीचे पहिले सूत्र निरीक्षण हे आहे. मुलाला शिकवण्याआधी ते काय करते आहे ते पाहा, हातचे काम थांबवून पाहा, आणि पाहिलेले लिहा. 'मूल हट्टी आहे' हे मत झाले. 'डबा स्वतः उघडायचा होता, मी उघडून दिला, म्हणून मूल रडले' ही नोंद झाली. मतावर वाद होतो. नोंद दुसऱ्या आईला आपल्या घरात तपासून पाहता येते.

साध्या बायकांनी केलेली नोंद किती मोलाची असते, याचा भक्कम पुरावाही महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. या स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळाचे वजन, श्वास, ताप, दूध ओढणे यांची नोंद ठेवत आणि ठरलेले उपचार करत. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या स्त्रिया घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्या होत्या. तरी बाळाशेजारी बसून नीट पाहणे आणि नीट लिहिणे हे काम मोठ्या पदवीवाचूनही होते, हे त्यांनी दाखवून दिले.

सात आया आणि एक मासिक

घरी राहणाऱ्या आयांनीच उभारलेल्या कामाचे परदेशातले ठळक उदाहरण म्हणजे 'ला लेचे लीग'. १९५६ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या फ्रँकलिन पार्क येथे सात आया एकत्र आल्या. त्या काळी तेथे बाटलीच्या दुधाचा जोर होता आणि अंगावर पाजणे मागासलेपणाचे समजले जाई. या सातजणींनी घरातल्या बैठकीपासून सुरुवात केली, पत्रांना उत्तरे दिली आणि १९५८ मध्ये सुट्या पानांची पुस्तिका व एक वार्तापत्र काढले. डॉक्टरांचे साहाय्य त्यांनी घेतले, पण लेखणी आपल्या हाती ठेवली. पुढे वैद्यकाने स्तनपानाला जे स्थान दिले, त्यात या आयांच्या पत्रव्यवहाराचा वाटा आहे.

मराठीत पालकत्व हाच एक विषय घेऊन दीर्घकाळ चाललेले मासिक म्हणजे 'पालकनीती'. संजीवनी कुलकर्णी यांनी १९८७ साली पुण्यात ते सुरू केले. १९९६ मध्ये 'पालकनीती परिवार' हा न्यास झाला, आणि कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीतल्या मुलांसाठी शुभदा जोशी यांच्या पुढाकाराने 'खेळघर' सुरू झाले. स्वतःच्या मुलाच्या प्रश्नांपासून निघून इतरांच्या मुलांपर्यंत पोचण्याची ही वाट आहे. 'सामाजिक पालकत्व' हा शब्दप्रयोग या मंडळींनी रुजवला. शोभा भागवत यांचे 'आपली मुलं' यांसारखे लेखनही पुण्याच्या गरवारे बालभवनात मुलांसोबत राहून झालेले आहे. या सगळ्यांत उपदेशाचा सूर खाली आलेला आणि प्रश्नाचा सूर वर आलेला दिसतो.

घरातून चालवायचे तर

इथवर इतिहास झाला. आता एखाद्या गृहिणीला असे लेखन, एखादी पत्रिका म्हणा, घरातून चालवायची असेल तर काय लागते ते पाहू.

पहिला प्रश्न वेळेचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. घरातल्यांची काळजी घेण्यात स्त्रियांची आणखी १३४ मिनिटे जातात. म्हणजे सात तासांहून अधिक. 'घरीच तर असते' या वाक्यात हे सात तास दडलेले आहेत. शिवाय हा वेळ सलग नसतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये, मूल झोपल्यावर, लाइट गेली नसेल तर, असा तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. म्हणून अशा लेखनाचा नैसर्गिक आकार लहान असतो. दिवसाला पाच ओळी, तारीख घालून. महिन्याच्या शेवटी त्या दीडशे ओळींतून एक लेख निघतो. महिन्याअखेरीस एकदम लेख लिहायला बसणारी बाई दुसऱ्या-तिसऱ्या अंकानंतर थकते.

दुसरा प्रश्न कायद्याचा. १८६७ च्या मुद्रण कायद्यानुसार नियतकालिक काढणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावे लागे. आता त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. मार्च २०२४ पासून तो लागू झाला आणि नोंदणीचा अर्ज संगणकावरून करता येतो. अंकावर मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे आणि पत्ता छापावा लागतो. ही ओळ कोणी वाचत नाही. पण ज्या बाईचे नाव घराच्या दारावरच्या पाटीवरही नसते, तिचे नाव आणि तिच्या घराचा पत्ता 'प्रकाशक' म्हणून दर महिन्याला छापला जातो, ही साधी गोष्ट नव्हे. नोंदणीकृत नियतकालिकाला टपालात सवलत मिळते. त्या बदल्यात ठरलेल्या तारखेला अंक टपालात पडावा लागतो. मुलाची परीक्षा असो की घरात लग्न, तारीख हलत नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. वार्षिक वर्गणी ही एक प्रकारची उचल आहे. पैसे आधी घेतले, आता बारा अंक देणे लागतो. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीचे वर्गणीदार होतात. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी, नूतनीकरणाच्या वेळी. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, पदरमोड करून चालवले. त्यामागे पत्नी मालतीबाईंच्या कमाईचा आधार होता. घरातून चाललेल्या मासिकाला घरातले कोणीतरी पोसत असते, हे यातून लक्षात घ्यावे. गृहिणीच्या बाबतीत ते पोसणे नवऱ्याच्या पगारातून होत असेल, तर पहिल्या मतभेदाला अंक बंद पडू शकतो. त्यामुळे अंक लहान असावा पण छपाई आणि टपाल वर्गणीतून भागावे, हे बरे.

जाहिरातीचा मोह येथेच येतो. या विषयात तो विशेष जपून हाताळायला हवा. कारण १९९२ च्या केंद्रीय कायद्याने अर्भकांच्या दुधाच्या पावडरी आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी आहे. २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डबाबंद खाद्यही त्यात आले. कंपनीने दिलेली भेटवस्तू घेऊन 'आमच्या बाळाला हे मानवले' असे लिहिणे म्हणजेही जाहिरातच. आईच्या शब्दावर आईचा विश्वास बसतो, आणि विक्रेत्याला नेमका तोच हवा असतो.

चौथा प्रश्न अचूकपणाचा. जुलाबासाठी घरी करायच्या जलसंजीवनीचे माप एक लीटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ असे आहे. चमचा चहाचा. यात 'अर्धा'च्या जागी 'दीड' छापले गेले तर जास्त मिठाने बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. मी पाहिले ते, मी ऐकले ते, आणि डॉक्टरांनी सांगितले ते. 'मी पाहिले' यात आईला कोणाच्या परवानगीची गरज नाही. औषधाचे माप मात्र तिसऱ्या रकान्यातच असावे आणि छापण्यापूर्वी ते डॉक्टरांना दाखवावे.

पाचवा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, तो मुलाच्या खाजगीपणाचा. मूल अंथरुण ओले करते, चोरी करते, बोलताना अडखळते. या गोष्टी इतर आयांच्या फार उपयोगाच्या असतात, आणि त्याच त्या मुलाच्या लाजेच्या असतात. डार्विनची वही पुन्हा आठवावी. १८३९ ते १८४१ मधील नोंदी त्याने १८७७ मध्ये छापल्या. ते बाळ तोवर सदतीस वर्षांचे झाले होते. एवढे थांबणे कोणाला जमणार नाही. पण वाचता येऊ लागलेल्या मुलाला त्याच्याविषयीचा मजकूर छापण्याआधी दाखवता येतो. ते 'नको' म्हणाले तर तो काढता येतो. नाव बदलणे हा उपाय पुण्या-मुंबईत चालतो. अंबड, भोकरदन, परतूर यांसारख्या गावांत लेखिका कोण हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे मुलाचे नाव बदलून काही लपत नाही. वर्गात दुसऱ्या दिवशी पोरे चिडवायला मोकळी.

हीच गोष्ट घरातल्या इतरांची. 'सासूबाई मुलाला फार लाडावतात' असे छापले की ते निरीक्षण राहत नाही, भांडण होते. 'एक माता' ही सही येथे कामाला येते. आपला अनुभव दुसऱ्या तीन घरांतल्या अनुभवांशी जोडून लिहिणे हा आणखी एक मार्ग. त्यामुळे माणसे झाकली जातात आणि प्रश्न अधिक स्पष्ट होतो. पण त्यासाठी आधी तीन आयांशी बोलावे लागते, आणि तेथेच हे लेखन एकटीचे राहत नाही.

कोणाची आई?

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या जिल्ह्यापुरता तो पहिला. 'घरी राहणारी आई' म्हणजे कोण? २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता सुमारे ६१ टक्के, तर पुरुषांची ८० टक्क्यांच्या वर होती. निजामाच्या राज्यात मराठवाड्याने जे शिक्षण गमावले, त्याचा हप्ता आजही बायकाच अधिक भरत आहेत. येथे कापूस वेचणीला जाणारी बाई बाभळीला झोळी बांधून मूल निजवते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या हिशेबात एक 'कोयता' म्हणतात. त्या कोयत्यातल्या आईचे तान्हे फडात उसाच्या पाचटावर झोपते आणि सहा महिने त्याचे घर म्हणजे कोपी. ही आई घरी राहत नाही, तिला वर्गणी भरता येत नाही, आणि कित्येकदा वाचताही येत नाही. पण मूल वाढवण्याविषयी तिला पडणारे प्रश्न अधिक कठीण असतात. पाच वर्षांच्या मुलीवर तान्ह्याला सोपवून उसात जावे की नाही, या प्रश्नाला संगोपनाच्या कोणत्या पुस्तकात उत्तर आहे?

ताराबाई मोडकांपुढेही असाच पेच आला होता. दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गाची मुले येत. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. बालवाडीपर्यंत मुले येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि तीच 'अंगणवाडी'. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आज देशभर ज्या शब्दाने सरकारी योजना ओळखली जाते, तो शब्द 'येत नाहीत तर आपण जाऊ' या साध्या विचारातून रूढ झाला.

आईच्या लेखनालाही हीच वाट घेता येईल. जालन्याच्या गल्लीत राहणाऱ्या, बारावी किंवा बीए होऊन संसारात पडलेल्या गृहिणीजवळ अक्षर आहे आणि दुपारचा तुटक का होईना वेळ आहे. कोयत्यातल्या बाईजवळ अनुभव आहे, पण लिहायला हात मोकळा नाही. पहिलीने दुसरीचे ऐकून लिहावे आणि लिहिलेले तिला वाचून दाखवावे, चूक असेल तर तिने ती दुरुस्त करावी. अंगणवाडीत महिन्यातून एकदा बायका वजनकाट्याभोवती जमतातच. तेथे चार पाने मोठ्याने वाचायला अर्धा तास पुरतो. अंकाच्या शेवटच्या पानावर मागच्या अंकाला आलेली तोंडी उत्तरे छापावीत, सांगणारीचे नाव तिच्या मर्जीप्रमाणे घालावे किंवा गाळावे. जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसत, ती रीत अशा पानांवर पुन्हा आणता येते.

रमाबाईंना १८८२ मध्ये शास्त्राच्या भाषेत बोलावे लागले. ताराबाईंनी निरीक्षणाची भाषा दिली. 'पालकनीती'ने प्रश्न विचारण्याची मोकळीक दिली. चौथी गोष्ट अजून व्हायची आहे. ज्या आयांच्या मुलांना सोन्याचाच काय, लाकडाचाही पाळणा मिळाला नाही, त्यांनी काय पाहिले ते मराठीत लिहिले जायचे आहे. त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. एक वही लागते, तारीख घालून लिहिण्याची सवय लागते, आणि ऐकून घेणारी दुसरी आई लागते. जालन्यात वह्या स्वस्त आहेत आणि आया पुष्कळ आहेत. सवय मात्र जिची तिनेच लावून घ्यायची.